तुम्हीच सांगा, पप्पा

पप्पा,

तुमच्या तेरवीच्या पंगतीत बबनकाकांनी तुमच्या दाढेची गोष्ट सांगितली. लोक हसले. मीही हसल्यासारखं केलं आणि वाढायचं भांडं तिथंच ठेवून मागच्या अंगणात निघून गेले. तुमचा इतका राग आला होता की हातातली बुंदी सांडली असती.

काका सांगत होते, "दोन महिन्याखाली मी वाशीमले बायकोची कवळी आणाले गेलतो. पाह्यतो तं काय, आपले दादाराव! जिन्याच्या पह्यल्या पायरीवर उभे. म्या म्हटलं, काय हो, इकडं कुठं? म्हणे, दाढ दुखून राह्यली. अन् तसेच फिरले, दवाखान्यात घुसले, नंबर लावला अन् काढूनच आले ना बावा! घाबरणं कसं ते माईतच नव्हतं त्या माणसाले."

काकांना एक गोष्ट माहीत नाही. दातांचा दवाखाना खाली आहे. तो जिना वरच्या खोलीत जातो आणि तिथे मंगळवारी समुपदेशन करणाऱ्या मॅडम बसतात. पत्ता मीच तुम्हाला पाठवला होता, वेळही मीच घेतली होती. संध्याकाळी तुम्ही फोनवर म्हणालात, "गेलतो. मॅडम नव्हत्या." मॅडम होत्या, पप्पा. ठरलेल्या वेळेला कोणी आलं नाही असा त्यांचा मला मेसेज आला होता. मी तुम्हाला काही बोलले नाही. काही न बोलणं हे मी आपल्याच घरात शिकले.

सहा वर्षं ज्या दाढेला तुम्ही लवंग लावून गप्प बसवलंत, ती एका ओळखीच्या माणसाने पाहिलं म्हणून उपटून घेतलीत. चिमटा चालला, बारा पायऱ्या चालल्या नाहीत.

सगळे म्हणतात तुमचा नि मम्मीचा जोडा राम-सीतेसारखा होता. घरातून कधी भांडणाचा आवाज नाही. बरोबर आहे. आवाज कसा येणार? तुम्ही दोघं अकरा वर्षं एकमेकांशी बोललाच नाहीत.

मी सातवीत होते. कापलेल्या सोयाबीनचे ढीग रचून शेतात सुडी लागली होती, आभाळ भरलं होतं आणि तीन दिवस वाट पाहून थ्रेशर एकदाचं आपल्या वावरात आलं होतं. घरात तेव्हा एकच मोबाईल, तो तुमच्या खिशात. सकाळी शिरपूरहून मामाचा फोन आला की आजी सिरियस आहे, ताईला घेऊन या. तुम्ही "हो, हो" म्हणून फोन ठेवला आणि मशीनपाशी गेलात. आजी गेली हे सांगायला दुपारी मामाचा दुसरा फोन आला. मशीन चालूच राहिलं. मम्मी ताडपत्री धरून उभी होती, केसांत भुसा. दिवस कलल्यावर तुम्ही तिला एवढंच सांगितलंत की तुह्या मायची तब्येत बरी नाई, चाल.

मोटारसायकलवर तुम्ही पुढे, मागे मम्मी, मधे मी. शिरपूर येईपर्यंत मम्मी माझ्या कानाशी नवस बोलत होती. आईला बरं वाटू दे, मी नारळ चढवीन. तुमच्या पाठीला ते ऐकू जात असणार. पोचलो तेव्हा मामा आंघोळ करून ओल्या धोतरावर अंगणात बसले होते. सगळं आटोपलं होतं.

माहेरी तेरा दिवस काढून मम्मी परत आली. पहिल्या जेवणाला तिने ताट ठेवलं आणि तुम्ही दोन हातांवर बसलेले असताना मला म्हणाली, "पप्पाले सांग, पाणी घ्या म्हणा." मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मम्मीले सांग, घेतलं." त्या दिवशी माझी नेमणूक झाली.

मी पुण्याला नोकरीला आल्यावर तरी ती संपेल असं मला वाटलं होतं. पण तुम्ही ओसरीत, मम्मी स्वयंपाकघरात, मधे एक भिंत, आणि फोन यायचा मला.

"बेटा, मम्मीले सांग, पाव्हणे आले. तीन कप चहा."

मी मम्मीला फोन लावायचे. "त्यायले सांग, दूध फाटलं. काळा चालते का विचार."

मी तुम्हाला लावायचे. "चालते म्हणा."

एकदा मागून कुणा पाहुण्याचा आवाज आला, "दादाराव, पोरगी हाय का वायरलेस?" तुम्ही केवढ्याने हसलात. माझ्या ऑफिसातल्या मुलींना बरेच दिवस वाटत होतं की आमचं गावाकडे चहाचं हॉटेल आहे.

मग फोन थरथरला की माझ्या पोटात पीळ पडायला लागला. एकदा ऑफिसच्या जिन्यात श्वासच घेता येईना, तिथेच बसून राहिले. डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. आठ महिने मी ॲसिडिटी समजून त्या खाल्ल्या. तुम्ही दाढेला लवंग लावलीत, मी पोटाला. शेवटी कंपनीनेच एका समुपदेशक ताईंकडे जायची सोय करून दिली, म्हणून गेले. तिथेही पाऊण तास मी काय सांगितलं? मम्मीचं म्हणणं असं आहे. पप्पांचं म्हणणं असं आहे. ताई ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "आणि तुझं?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसले. वेळ संपेपर्यंत.

ताईंकडे जाऊन जादू होत नाही, पप्पा. तुम्हाला वाटायचं तसं कोणी डोक्यात हात घालून काही फिरवत नाही. त्या फक्त विचारत राहतात आणि आपण टाळलं की आपण टाळतोय हे आपल्यालाच दिसतं. मला हळूहळू दिसलं की मी सगळीकडेच मधे उभी असते. ऑफिसात दोघांचं पटत नसेल तर दोघं माझ्याकडे येतात. एक मुलगा मला आवडायचा. त्याला ते सांगायला मी माझ्या रूममेटला पाठवलं. तो तिच्याशीच बोलत राहिला. आता त्या दोघांचं लग्न ठरलंय आणि आमंत्रणाच्या याद्या मी करून देतेय.

ताईंनी मला एकच वाक्य दिलं. पुढचा फोन आला की म्हणायचं, तुम्हीच सांगा. आरशासमोर म्हणून पाहिलं, जमलं. फोनवर म्हणायला पाच आठवडे लागले. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तुम्ही फोन ठेवलात. मम्मीला म्हटलं, तर ती म्हणाली, "हेच शिकवून राह्यले का तुले पुण्याले?" तीन आठवडे तुमचा फोन नाही. मला वाटलं, निरोप संपला तर बापही संपला. आणि एका संध्याकाळी आला.

"काई नाई. निरोप नाई काई. असाच लावला."

तुमच्याकडे चिमण्या ओरडत होत्या, माझ्याकडे रिक्षा. मिनिटभराने तुम्ही म्हणालात, "ठेवतो मंग." मला वाटतं, तो तुम्ही मला केलेला पहिला फोन. त्याआधीचे सगळे मम्मीला होते. त्या एका मिनिटासाठी मी तुमचे आभार मानायला हवे होते. मी फक्त "हो" म्हणाले.

दिवाळीच्या सुट्टीत आपलं भांडण झालं ते आठवतं? तुमच्या मोटारपंप दुरुस्तीच्या दुकानात, रिसोडला. आलेला शेतकरी जळालेली मोटार टेबलावर ठेवून खाली मान घालून उभा होता आणि तुम्ही त्याला झापत होता. "आठ दिवसांपासून आवाज देऊन राह्यली होती ना ते? तवाच आणाची. जळाल्यावर कायले आणता?" तुमचा कान केवढा तयार होता. लांबून विहिरीवरच्या मोटारीचा आवाज ऐकून तुम्ही सांगायचात की हिचं बेअरिंग चाललंय. लहानपणी मला तुम्ही जादूगार वाटायचात.

तो माणूस गेल्यावर मी म्हणाले, "पप्पा, आपल्या घरात अकरा वर्षांपासून आवाज येतोय."

तुम्ही तांब्याची तार गुंडाळत राहिलात. "मोटारीचं वेगळं असते."

"काय वेगळं?"

"मोटार कोणाले सांगत नाई, मले दादारावनं खोललं म्हणून."

"मॅडमसुद्धा कोणाला सांगत नाहीत."

"जिना चढतानी तं लोक पाह्यतेत ना. लोक काय म्हणतीन? आमी काय पागल हाव काय?"

"मला गोळ्या खाव्या लागतात, पप्पा. मी पागल आहे का?"

तुमचा हात तेवढा एकदा थांबला. मला वाटलं आता काहीतरी बोलाल. तुम्ही विचारलंत, "कोणत्या गोळ्या?" मी म्हणाले, ॲसिडिटीच्या. मग आपण दोघंही सुटलो.

पण त्या दिवशी मी सोडलं नाही. म्हटलं, जाऊ दे मॅडमचं, मम्मीला फक्त एकदा सॉरी म्हणा. तुम्ही म्हणालात, "आपल्यात नवरा बायकोले सॉरी म्हणते काय? ते तुमच्या कॉन्व्हेंटमधलं."

"मग मराठीत म्हणा."

"मराठीत तं अजूनच अवघड हाय."

मला हसू आलं. तुम्हालाही आलं असावं, कारण तुम्ही तोंड फिरवलंत. मग तिकडे पाहतच म्हणालात, "तुही आजी सतरा खेपा सिरियस झालती. मले काय सपन पडलं होतं? अन् दुसरा फोन आला तवा... मी तिले गाडीवर सांगणारच होतो. पण तू मधात बसली होती."

पप्पा, त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर होतं. तिथल्या तिथे होतं, जिभेवर होतं. मी पर्स उचलली आणि चहा आणते म्हणून बाहेर पडले. चहा आणला. आपण प्यायलो. माझी तीच गोष्ट, जन्मभराची.

पण त्यानंतर महिन्याने तुम्ही वाशीमला गेलात. हे मला तेरवीला कळलं. कोणी सोबत नसताना, दुकान बंद ठेवून, पहिल्या पायरीपर्यंत गेलात. तुमचा सगळ्यांत जास्त राग मला त्याचाच येतो. मुळात गेलाच नसतात तर मी समजले असते की तुम्हाला पर्वा नव्हती. पर्वा होती. बबनकाकांच्या बायकोची कवळी मधे आली.

आणि आता त्या दिवसाचं.

सकाळी तुमचा फोन आला. मी ऑफिसला निघाले होते, बस समोर दिसत होती. तुम्ही म्हणालात, "बेटा, मम्मीले सांगजो..." आणि मी पुढचं ऐकलंच नाही. म्हणाले, "पप्पा, तुम्हीच सांगा." तुम्ही म्हणालात, "बरं." एवढंच.

दुपारी साडेतीनला शेजारच्या हार्डवेअरवाल्यांचा फोन आला. तुम्ही टेबलावर डोकं टेकवून होतात, त्यांना वाटलं डुलकी लागली. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

पुण्याहून घरी येईपर्यंत मी एकच गोष्ट चघळत होते. काय सांगायचं होतं तुम्हाला? छातीत दुखतंय हे सांगायचं होतं का? मी ऐकून घेतलं असतं तर? तेरा दिवस लोक येत होते, रडत होते, आणि मी चहाचे कप उचलताना "मम्मीले सांगजो"च्या पुढे वेगवेगळी वाक्यं लावून पाहत होते. ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मधून बाजूला होणं हा गुन्हा नाही, त्याने कोणाचं हृदय थांबत नाही. मला ते पटतं. पण पटलं तरी वाक्यं लावून पाहणं थांबत नाही.

तेरवीच्या दिवशी मागच्या अंगणात माझ्या पाठोपाठ मम्मी आली. तिने दाढेची गोष्ट आतून ऐकली होती. ती धुण्याच्या दगडावर बसली आणि म्हणाली, "त्या जिन्यावर कोण बसते? तू मले पत्ता देल्ला होता तेच का?"

"हो."

"म्हणजे ते गेलते?"

"पहिल्या पायरीपर्यंत."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी ते बोलले माह्याशी."

"कधी?"

"सकाळी. तुह्याशी फोन झाला अन् स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राह्यले. म्हणे, आज डबा नोको देऊ. दुपारी घरीच जेवाले येतो. थांबजो."

"तुला म्हणाले?"

"मंग घरात दुसरं कोण होतं? मलेच."

"मग तू काय म्हणालीस?"

"काईच नाई. तव्यावरची पोळी जळून राह्यली होती, तिच्याकडं पाह्यलं म्या." आणि मग, "पण थांबली ना मी. दोन ताटं घेतली. साडेतीनपर्यंत थांबली."

पप्पा, माझ्या डोक्यातलं ते अर्धं वाक्य असं पूर्ण झालं. दुपारी घरी जेवायला येतो. यात मला काय कळायचं? बरं वाटत नव्हतं म्हणून येणार होतात, की तिच्यासोबत जेवायचं होतं? की काही सांगायचं होतं, मराठीत, अवघड असलेलं? अकरा वर्षांनी तुम्ही तिच्याशी एक धड वाक्य बोललात आणि तेही अर्धवट टाकून गेलात. इतका राग येतो मला. आणि तुम्ही दारापर्यंत गेलात, कोणी मधे नसताना बोललात, म्हणून तुमचे पाय धरावेसेही वाटतात. दोन्ही एकाच वेळी. हे कुठे ठेवायचं ते कळत नाही.

मम्मी रडत म्हणाली, "म्या ठरवलं होतं, हे बोलले की एक डाव सगळं मनातलं सांगीन. अन् ते बोलले तं म्या पोळीकडं पाह्यलं. पोरी, तुले लिहिता येते. त्यायले सांग..."

आणि मी, नुकतंच कुंकू पुसलेल्या आईला, म्हणाले, "मम्मी, तूच सांग."

"कुठं सांगू? फोटोले?"

"मंगळवारी वाशीमला येतेस?"

तेरवी होऊन चारच दिवस झाले होते. सकाळी मम्मी साडी बदलून बाहेर आली तशी आत्याबाईंनी दारातच अडवलं. "अवो वैनी, महिना नाई झाला अन् निघाल्या? कुठं?"

मम्मीने आत्याबाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "दाढ दुखून राह्यली."

एसटीने अर्धा रस्ता कापला. मग तीच एकदम म्हणाली, "खोटं बोलणं सोपं हाय नाई?" आणि खिडकीबाहेर पाहत हसली. तुम्ही गेल्यानंतरचं पहिलं.

जिन्यापाशी ती थांबली. त्याच पायरीशी. दातांच्या दवाखान्याबाहेर चार माणसं बसली होती, सगळी आमच्याकडे पाहत होती. मी हात धरला नाही. मम्मीने पदर खोचला आणि गुडघ्यावर हात ठेवत ती एक एक पायरी चढली. मी मागून मोजल्या.

वर मॅडमनी विचारलं, दोघी येणार का? मी सवयीने पाऊल उचललं होतं. मम्मी म्हणाली, "तू बाहेर बस." दार लागण्याआधी एवढंच दिसलं की मॅडमनी एक रिकामी खुर्ची ओढून मम्मीच्या समोर ठेवली.

माझे कान दाराकडे लागले. अकरा वर्षांचा सराव आहे. म्हणून मी उठून खाली आले आणि तुमच्या पहिल्या पायरीवर बसले. तिथे वरचं काही ऐकू येत नाही.

तासाभराने ती खाली आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "पुढच्या मंगळवारी अजून बोलावलं." मग स्टॅंडवर दोन चहा सांगितले, तिनेच. रिसोडच्या एसटीत मी खिडकीशी, ती कडेला. आमच्या मधे कोणी नव्हतं.

तिने त्या खुर्चीला काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि तुमच्यासाठी कुठलाही निरोप आणलेला नाही. हे लिहितेय ते फक्त माझं आहे. दुकानात त्या दिवशी मी चहा आणायला निघून गेले, तेव्हा जिभेवर होतं ते.

मी मधे बसले होते, कारण तुम्ही मला तिथे बसवलं होतं. मी सातवीत होते, पप्पा.